अमूर्त चित्रांचं प्रदर्शन पहिल्यांदा बघताना: तीनच चित्रं, पण नीट

मुंबईत चित्रप्रदर्शन बघायला सहसा पैसे लागत नाहीत. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी, वरळीच्या नेहरू सेंटरची गॅलरी, फोर्ट-कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्या, सगळीकडे प्रवेश मोकळा असतो. कुणी आमंत्रणपत्रिका मागत नाही आणि चित्र विकत घेणार का, असंही दारात विचारत नाही. तरी काचेतून डोकावून पुढे निघून जाणारी माणसं पुष्कळ. आत येऊन चार मिनिटांत बाहेर पडणारी त्याहून जास्त. अमूर्त चित्रं, म्हणजे ओळखीची वस्तू किंवा माणूस न दाखवणारी, असली की हे हमखास घडतं, कारण माणूस ‘हे काय काढलंय?’ हा प्रश्न घेऊन शिरतो आणि त्याचं उत्तर भिंतीवर कुठेच सापडत नाही.

प्रश्न बदलला की बघणं सुरू होतं. ‘हे काय आहे’ ऐवजी ‘हे कसं केलंय, आणि माझी नजर इथे काय करतेय’ असं विचारायचं. त्यासाठी कलेचा अभ्यास लागत नाही, वेळ लागतो. म्हणून पहिल्या खेपेला एकच नियम: दालनात तीस चित्रं असली तरी बघायची तीन. दीड तास हाताशी ठेवा.

कधी आणि कुठे

पहिल्यांदा जाणार असाल तर जहांगीरच बरी. 1952 पासून ती उभी आहे आणि रोज 11 ते 7 उघडी असते. एका छपराखाली तीन-चार वेगवेगळी प्रदर्शनं चालू असतात, त्यामुळे एक नाही भावलं तर शेजारचं बघता येतं. तिथली बहुतेक प्रदर्शनं मंगळवारी लागतात आणि पुढच्या सोमवारी उतरतात. दुसरा मोठा फायदा म्हणजे चित्रकार स्वतः दिवसभर तिथे बसलेला असतो, कारण आठवडाभराचं दालन बहुधा त्यानेच भाड्याने घेतलेलं असतं.

उद्घाटनाची संध्याकाळ टाळा. ती भेटीगाठींची वेळ असते, चित्रासमोर पाठीच पाठी दिसतात. शनिवार-रविवारी संध्याकाळीही गर्दी असते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवाच्या दिवसांत तर आत उभं राहायला जागा नसते. मंगळवार सोडून कुठल्याही कामाच्या दिवशी सकाळी साडेअकरा ते एक ही उत्तम वेळ. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. मेट्रो-3 ने आलात तर हुतात्मा चौकाला उतरा.

खासगी गॅलऱ्यांची गोष्ट वेगळी. त्या जुन्या इमारतींत असतात, बऱ्याचदा पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर, आणि खाली पाटी एवढीशी. दार लोटलेलं असतं, पण म्हणून गॅलरी बंद आहे असं नाही. बेल वाजवायची, ‘प्रदर्शन बघायचंय’ म्हणायचं, बस. आत कुणी बोलत नाही, टेबलाशी बसलेली व्यक्ती मान वर करून हसते आणि परत कामाला लागते. नवख्याला हे तुटक वाटतं, पण बघणाऱ्याला मोकळं सोडायची ती रीत आहे. यातल्या अनेक गॅलऱ्या रविवारी बंद असतात, आणि एक प्रदर्शन उतरून दुसरं लागेपर्यंत मधले काही दिवसही बंद. निघण्यापूर्वी फोन करावाच. जानेवारीत मुंबई गॅलरी वीकेंड असतो, तेव्हा एका दिवसात चार-पाच गॅलऱ्या पायी करता येतात.

बरोबर काय घ्यायचं

छोटी वही आणि पेन्सिल. पेन नको: चित्राजवळ उघडं पेन कुणालाच आवडत नाही, संग्रहालयात तर हटकतात. वाचायचा चष्मा लागत असेल तर तो विसरू नका, अर्धं बघणं दीड फुटावरून असतं. पाठीवरची सॅक दारात ठेवा, नाहीतर पोटाशी घ्या. वळताना सॅक चित्राला घासते आणि ते आपल्याला कळतही नाही. पावसाळ्यात ओली छत्री बाहेरच्या बादलीत.

पहिली फेरी

आत गेल्यावर लेबलं वाचू नका, पत्रकही हातात घेऊ नका. न थांबता सगळ्या दालनातून एक चक्कर मारा, पाच ते सात मिनिटांची. मग तीन चित्रं ठरवा: एक, ज्याने लांबून ओढून घेतलं. दुसरं, जे खटकलं. तिसरं, दालनातलं सगळ्यात लहान. खटकलेलं अशासाठी, की ओढीपेक्षा खटकण्याची कारणं सांगणं सोपं असतं आणि ती शोधताना डोळा उघडतो. लहान अशासाठी, की मोठ्या कॅनव्हासचा आकारच अर्धा दरारा निर्माण करतो. दहा इंचांच्या कागदावर तसली मदत नसते, तिथे चित्रकाराचा हात लगेच कळतो.

एका चित्रासमोर दहा मिनिटं

चार बाय पाच फुटांचा कॅनव्हास धरू. आधी आठ-दहा फुटांवर उभे राहा. दोन मिनिटं काही ठरवू नका, फक्त नजरेवर लक्ष ठेवा. ती आधी कुठे गेली? तिथून कुठे सरकली? कुठे अडकली, आणि कुठला कोपरा तिने बघितलाच नाही? हे वहीत एका ओळीत लिहा. नजरेची ही वाट चित्रकाराने बांधलेली असते. बाजारातला रस्ता जसा आपल्याला नकळत वळवतो, तसं चित्र नजरेला वळवतं.

मग डोळे किलकिले करा. कला शिकवणारे हे पहिल्या वर्षीच सांगतात. रंग विरघळतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात. आता एक हात पुढे करून तळहाताने चित्रातला एखादा गडद तुकडा झाका, अर्थात हवेतच, स्वतःच्या डोळ्यांसमोर. चित्र एका बाजूला कललं का? हात काढा, तोल परत येतो. तो गडद तुकडा तिथे का आहे, हे कुणी न सांगता समजतं. झाकूनही काहीच फरक पडला नाही तर दुसरा तुकडा झाकून बघा. चारही बाजूंनी झाकलं आणि कुठेच काही बिघडलं नाही, तर ते चित्र कच्चं असण्याची शक्यता मोठी. असं मनाशी म्हणायला घाबरू नका.

यानंतर रंग. ‘निळा आहे’ एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे साडीच्या दुकानात रंगांची जी नावं चालतात ती इथे काढा: चिंतामणी, मोरपंखी, आनंदी, अंजिरी, आमसुली, डाळिंबी, अबोली, गुलबक्षी, शेवाळी, राखी. ज्या बाईने शंभर साड्यांतून एक निवडली आहे आणि ब्लाउजपीस रस्त्यावर नेऊन उजेडात जुळवलाय, तिचा डोळा या कामासाठी तयारच आहे. शेजारचा रंग बदलला की मधला रंग बदलतो, हे तिला पदर-काठावरून ठाऊक असतं. राखाडी एकटा मेलेला वाटतो, डाळिंबीशेजारी तोच हिरवट दिसतो. धूपछाव साडीत ताणा एका रंगाचा नि बाणा दुसऱ्या, म्हणून हलवली की झळाळते. पातळ थरांवर थर चढवलेल्या चित्रातही असंच काहीसं होतं: खालचा रंग वरच्यातून येत राहतो आणि नक्की कुठला रंग दिसतोय ते ठरत नाही. अचूक नाव शोधायला लागलात की दोन मिनिटं कशी गेली कळत नाही, आणि तेवढ्यात चित्र दुप्पट दिसायला लागलेलं असतं.

आता चार फुटांवर या, मग दीड फुटावर. हात पाठीमागे बांधा. बोटाने काही दाखवू नका, कारण बोट नेहमी वाटतं त्यापेक्षा पुढे जातं. तैलरंगाचा जाड थर वरून सुकलेला दिसला तरी आत कित्येक महिने मऊ असतो, त्यात नख रुततं. ज्या पृष्ठभागाला चकाकी नाही, त्यावर घामाच्या बोटाचा डाग पडला तर तो पुसून निघत नाही.

जवळून शोधायचं ते म्हणजे काय आधी, काय नंतर. ही खूण बघा: ओघळ. पातळ रंगाचा ओघळ खाली जातो. चित्रात तो आडवा गेलेला दिसला, किंवा वर चढलेला, तर कॅनव्हास कामाच्या मध्येच फिरवला होता. म्हणजे आपण जे ‘खाली’ समजतोय ते कधीतरी ‘वर’ होतं. नाईफने, म्हणजे रंग लावायच्या पात्याने, लावलेल्या रंगाला कडेने बारीक बांध उभा राहतो, शेतातल्या वरंब्यासारखा. रोलरने लावलेला पातळ बसतो आणि संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे ठेवतो. सरळसोट कडक कड दिसली तर चिकटपट्टी लावून ती ओढली असणार. पट्टीखालून कुठेतरी रंग झिरपलेला असतोच, तो शोधा. काही जागी रंग लावलेला नसतो, उचललेला असतो: ओल्या थरावर कागद दाबून काढला की खालचा थर डागाडागांनी उघडा पडतो.

शेवटी बाजूला जा आणि कॅनव्हासची जाडी बघा. फ्रेम नसेल तर हा खजिना आहे. पुढच्या बाजूला आता केवळ शांत पांढरट रंग असेल, पण कडेवर त्याच्या खालचा गेरू, त्याखालचा काळा, त्याखालचा पिवळा असे सगळे वाहून आलेले दिसतात. चित्राचा सगळा पूर्वेतिहास त्या दीड इंचात असतो. तिथूनच तिरक्या नजरेने पृष्ठभाग बघितला की उंचसखलपणा दिसतो, कुठे चकाकी आहे नि कुठे नाही तेही. वरच्या दिव्याचा झोत डोळ्यात येत असेल तर एक पाऊल डावीकडे-उजवीकडे सरका. काचेमागचं चित्र असेल तर हे करावंच लागतं, नाहीतर त्यात आपणच दिसत राहतो.

परत दहा फुटांवर जा. आता चित्र पहिल्यासारखं दिसणार नाही.

हमखास चुका

पहिली चूक: आकार शोधत बसणं. ढग दिसतो, गणपती दिसतो, पाठमोरी बाई दिसते. मेंदूला चेहरे शोधायची सवयच आहे, त्यात गैर काही नाही. दिसलं तर एकदा मनात म्हणा आणि सोडून द्या. धरून बसलात तर पुढचे दहा मिनिटं फक्त गणपतीच दिसेल, आणि त्याच्या शेजारचा राखाडी दिसणारच नाही.

दुसरी: लेबल आधी वाचणं. लेबलवर नाव, माध्यम, माप, वर्ष एवढंच असतं. मापात सहसा उंची आधी, रुंदी नंतर. नाव ‘शीर्षकविरहित’ असलं की अनेकांना फसवल्यासारखं वाटतं. पण नाव दिलं तर बघणारा नावच बघतो, हे चित्रकाराला माहीत असतं. माध्यम मात्र नक्की वाचा, फक्त चित्र बघून झाल्यावर. अॅक्रिलिक तासाभरात सुकतं, म्हणून त्यात थर झपाट्याने चढतात. तैलरंगाला दिवसच्या दिवस लागतात, म्हणून कडा एकमेकींत मिसळत राहतात. आपण जवळून जे ओळखलं ते बरोबर होतं का, याचा ताळा इथे मिळतो. भिंतीवरचं लांबलचक निवेदन सगळ्यात शेवटी. ते बऱ्याचदा जड इंग्रजीत असतं आणि चित्रापेक्षा अवघड असतं. नाही समजलं तर त्यात तुमचं काही कमी नाही.

तिसरी: फोनवर बघणं. फोटोला परवानगी आहे का ते विचारा, असली तरी फ्लॅश बंद. पण मुख्य म्हणजे फोटो आधी काढू नका. काढला की मन म्हणतं ‘बघून झालं’. पोत तर फोटोत येतच नाही.

चौथी, आणि ही मोठ्याने केली जाते: ‘असं तर माझा मुलगाही काढेल.’ चित्रकार चार पावलांवर बसलेला असतो. शिवाय हे तपासून बघता येतं. लहान मूल चित्र खोडत नाही, दुरुस्त करत नाही, पंधरा मिनिटांत उठून जातं. समोरच्या चित्रात झाकलेल्या चुका मोजा. वरच्या थराखाली झाकून टाकलेला एक आख्खा लाल कोपरा सापडला, की मतात फरक पडतो.

चित्रकाराशी बोलणं

‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणायचं, तिथे तीच पद्धत आहे. बसलेल्या माणसाला आपण होऊन बोलायला आवडतं, फक्त प्रश्न असा हवा की तुम्ही बघितलंय हे त्यातून कळावं. ‘सर, हा निळा आधी होता की नंतर आला?’ ‘मॅडम, इथे ओघळ आडवा का गेलाय?’ ‘हे पूर्ण झालं असं तुम्हाला कधी वाटलं?’ यातल्या एकेका प्रश्नावर अर्धा तास बोलणारे चित्रकार मुंबईत आहेत. ‘याचा अर्थ काय?’ विचारलंत तर पाठ असलेलं उत्तर मिळेल. ते देऊन देऊन बिचारे थकलेले असतात.

अभिप्रायाच्या वहीत ‘अप्रतिम! शुभेच्छा!’ ची पानं भरलेली असतात. तुम्ही एकच नेमकं वाक्य लिहा: ‘दाराजवळच्या लहान कागदातला अबोली लक्षात राहिला.’ हे लिहिलेलं चित्रकार घरी जाऊन पुन्हा वाचतो.

थोडं मागचं

हे सगळं मुंबईला नवं नाही. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 पासून इथे आहे, आणि आपल्या अमूर्त चित्रकलेची मोठी वाट तिथून निघते. वासुदेव गायतोंडे (1924–2001) तिथलेच. ते स्वतःच्या कामाला ‘अमूर्त’ म्हणत नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत: त्यांच्या लेखी ते कशाचंतरी सुटसुटीत केलेलं रूप नव्हतंच. रोलर, नाईफ आणि कागदाने रंग उचलणं, वर सांगितलेल्या या खुणा त्यांच्या चित्रांत सापडतात. नसरीन मोहमदी (1937–1990) 1960 च्या दशकात वॉर्डन रोडच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये, जिथे कलावंतांना कामाला जागा मिळे, गायतोंड्यांच्या आसपास काम करत होत्या. पुढे नसरीन यांनी रंगही सोडले आणि कागदावर शाई-पेन्सिलीच्या रेषा तेवढ्या ठेवल्या. त्यांचं काम समोर आलं तर अगदी जवळ जावं लागतं: रेषेचा दाब कुठे कमी झालाय, ते दिसायला वेळ लागतो. शंकर पळशीकरांनी जे. जे. त घडवलेल्या पिढीतले प्रभाकर कोलते, अकोल्याचे अंबादास, बिंदू हाच विषय वर्षानुवर्षं रंगवणारे एस. एच. रझा, ही नावं कानावर पडतील तेव्हा थांबून बघा. या मंडळींची मूळ चित्रं बघायची संधी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मिळू शकते. ते जहांगीरहून चालत पाच मिनिटांवर, जुन्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये 1996 पासून आहे. तिथे तिकीट असतं, सोमवारी बंद, आणि काय लागलंय ते आधी विचारून जावं.

घ्यावंसं वाटलं तर

लेबलशेजारी लाल ठिपका म्हणजे विकलं गेलं. किमती भिंतीवर नसतात, टेबलावर यादी मागायची, त्यात संकोच नको. जीएसटी धरून आहे की वेगळा, फ्रेम धरून आहे की नाही, हे विचारा. पावती आणि चित्राच्या फोटोवर चित्रकाराची सही असलेलं प्रमाणपत्र घ्या. कोपऱ्यात 12/50 असं पेन्सिलीने लिहिलेलं असेल तर ते छापचित्र आहे, पन्नासातली बारावी प्रत. त्यात कमीपणा काही नाही, पण किंमत त्या हिशेबाची हवी. मुंबईत कागदावरचं काम घेत असाल तर ते पावसाकडच्या भिंतीवर लावू नका. ओल धरली की कागदावर तपकिरी ठिपके उठतात. फ्रेम करताना माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा जाड कागद, आम्लविरहित मागा, आणि काच कागदाला टेकणार नाही एवढी फट ठेवायला सांगा. पहिल्याच भेटीत पैसे देऊ नका. दुसऱ्यांदा येऊन बघा.

दुसऱ्यांदा यायचंच असेल तर जहांगीरला सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास या. शेवटच्या तासात दालन रिकामं होत जातं आणि सातनंतर चित्रं उतरायला लागतात. वाट अडवू नका, दारात उभे राहा. भिंतीकडे तोंड करून ठेवलेले कॅनव्हास एका रांगेत दिसतील: मागची लाकडी चौकट, खिळे, उघडं कापड, त्यावर मार्करने लिहिलेलं नाव आणि वर्ष, आणि वरची बाजू कुठली ते सांगणारा एक बाण. तुमच्या तिघांतलं एखादं त्यात असेल तर कडेवरच्या ओघळांवरून ते उलटं ठेवलेलंही ओळखता येईल.